आमचं तट्टू, त्यांचा पोनी

टूवूंबात शनिवारी सकाळी आमच्या घरात जी धांदल असते ती बघून कुणालाही वाटावं, या घरातून वरात निघणार आहे. हेल्मेट, बूट, खरारा, पाण्याची बादली, गाजरं, डबा. आमची नऊ वर्षांची लेक पोनी क्लबला जाते. फेब्रुवारीत म्हसवडहून माझे वडील, म्हणजे अण्णा, इकडे आले होते, तेव्हा तेही गाडीत मागे बसून आमच्याबरोबर येऊ लागले.

पहिल्याच शनिवारी एक प्रसंग घडला. क्लबातल्या एका आजीबाईंनी, ज्या गेली चाळीसेक वर्षं मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात, लेकीला सहज विचारलं, "तुमच्याकडे इंडियात पोनी असतात का गं?" लेकीने खांदे उडवले. "लग्नात घोडा असतो," म्हणाली. मग आजीबाईंनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जन्मलेला, मेंढपाळाचा नातू, हसून म्हणालो, "नाही, फारसे नाही."

अण्णांना इंग्रजी बेताचंच कळतं, पण एवढं कळलं. परत येताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तट्टू म्हणायचं हुतं की. त्यात काय लाज?"

हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितोय.

आधी पोनी म्हणजे काय ते सांगून टाकतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज असा की पोनी म्हणजे घोड्याचं पिल्लू. पिल्लू म्हणजे शिंगरू. पोनी हा पूर्ण वाढलेला पण बुटक्या चणीचा घोडा. इकडे घोड्याची उंची 'हँड'मध्ये मोजतात. एक हँड म्हणजे चार इंच, साधारण आपल्या बंद मुठीएवढं माप, आणि ते जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत घ्यायचं, डोक्यापर्यंत नाही. जगात बहुतेक ठिकाणी १४.२ हँडपर्यंतचा, म्हणजे साधारण १४७-१४८ सेंटिमीटरपर्यंतचा घोडा पोनी समजतात. ऑस्ट्रेलियात प्रदर्शनांमध्ये ही रेघ १४ हँडला मारतात. १४ ते १५ मधल्याला 'गॅलोवे' म्हणतात आणि त्यावरचा तो हॅक. पण नुसती उंची हा सगळा भाग नव्हे. पोनीचे पाय अंगाच्या मानाने आखूड, पोटाचा घेर मोठा, मान जाड, आयाळ दाट, कान लहान आणि खुरं टणक. थोड्या चाऱ्यावर जगतो, उन्हापावसात टिकतो, आणि डोक्याने घोड्यापेक्षा जरा जास्तच हुशार. ही हुशारी बहुधा कामचुकारपणासाठी वापरली जाते. आमच्या लेकीचा पोनी, बिस्किट, फाटकाची कडी ओठांनी उघडतो.

बिस्किट आमच्या मालकीचा नाही. इकडे पोनी 'लीज'वर मिळतो, म्हणजे एखाद्या घरातली मुलं मोठी झाली, त्यांचे पाय रिकिबीतून जमिनीला टेकायला लागले, की तो पोनी पुढच्या घरी जातो. खर्च आणि जबाबदारी आपली, मालकी त्यांची. एकच पोनी चार-पाच घरांतल्या मुलांना वाढवतो. आपल्याकडे धाकट्या भावाला थोरल्याची सायकल मिळायची, तसंच.

टूवूंबा ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: ब्रिस्बेनपासून पश्चिमेला साधारण सव्वाशे किलोमीटर, डोंगराच्या माथ्यावर, सुमारे सातशे मीटर उंचीवर वसलेलं शहर. घाट चढून आलात की समोर डार्लिंग डाउन्सचा सपाट प्रदेश पसरतो. शहराची माती लाल, आणि पश्चिमेला उतरून डॉल्बीच्या दिशेने निघालात की काळी. अगदी आपली रेगूर. पावसात बुटाला किलोकिलो चिकटणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. मी शेतीसल्लागार म्हणून काम करतो, त्यामुळे रोज या मातीतून हिंडतो. तीत कापूस आणि ज्वारी घेतात. अण्णांना पहिल्यांदा तिकडे घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मूठभर माती उचलून चुरडली आणि म्हणाले, "ही तर आपलीच."

हा मुलूख घोड्यांचा. शहरातच क्लिफर्ड पार्कचा रेसकोर्स. घाटाखाली गॅटनला क्वीन्सलँड विद्यापीठाचं पशुवैद्यक महाविद्यालय. शहरात कॉब अँड को म्युझियम आहे, तिथे घोडागाड्यांचा मोठा संग्रह आहे. या कंपनीच्या घोडागाड्या १९२४ पर्यंत क्वीन्सलँडमध्ये धावत होत्या. अण्णा त्या म्युझियममध्ये दोन तास होते. गाड्यांपेक्षा पट्टे आणि खोगिरं बघण्यात त्यांचा जास्त वेळ गेला. "हे पाठीला घासत असणार," असं एका खोगिराबद्दल त्यांनी मला हळूच सांगितलं, जणू ते खोगीर उद्या कुणी वापरणार होतं.

आणि मार्चमध्ये रॉयल शो. पोनींच्या जाती बघायच्या तर यापेक्षा सोपी जागा नाही. सकाळी लवकर गेलं की सगळे रिंगणाबाहेर आंघोळी उरकत असतात. शेटलँड, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरचा, जेमतेम ४२ इंच उंचीचा गोल गरगरीत प्राणी, पण अंगाच्या मानाने ओढण्याची ताकद सगळ्यात जास्त. वेल्श पोनी, त्यांचे अ, ब, क, ड असे चार विभाग: अ म्हणजे लहानखुरा डोंगरी, देखणा, बशीसारख्या चेहऱ्याचा, आणि ड म्हणजे भरदार कॉब, जो उंचीत पोनीच्या पलीकडेही जातो. आयर्लंडचा कॉनेमारा, उड्या मारण्यात वाकबगार. आणि यांचा स्वतःचा 'ऑस्ट्रेलियन पोनी'.

या ऑस्ट्रेलियन पोनीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. या खंडात मुळात घोडाच नव्हता. गोरे आले तेव्हा जहाजांतून घोडे आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जवळच्या तिमोर बेटावरून लहान, काटक तिमोर पोनी आणले गेले. त्यांच्यावर वेल्श आणि अरबी रक्ताचा संकर होत गेला. शंभरेक वर्षं हे असंच चाललं, आणि १९३१ मध्ये त्यांनी सोसायटी काढून वंशावळीची वही सुरू केली. झाली जात तयार! आज त्या पोनीला कुणी विचारत नाही की बाबा, तुझं मूळ शुद्ध आहे का. (मराठीत 'जात' हा शब्द लिहिताना माझा हात जरा अडखळतो. घोड्याला आणि माणसाला एकच शब्द वापरणारी भाषा आपली.)

आता आमची चूक सांगतो. यंदा उन्हाळ्यात पाऊस चांगला झाला. जिथे बिस्किटला ठेवतो त्या कुरणात गवत गुडघाभर. मला वाटलं, जनावराची चंगळ आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला मी, भरल्या कुरणात चरणारं जनावर बघून कुणाचं मन भरत नाही? फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी बिस्किट पुढचे पाय लांब टाकून, अंग मागे रेलून उभा होता, चालायलाच तयार नाही. पशुवैद्य येण्याआधी अण्णांनी त्याच्या खुरांवर हात ठेवला. "कढत हाईत. ह्याला येवढं कशापायी चारलं? तट्टू हाय त्ये, म्हैस न्हवं."

पशुवैद्यांनी तेच सांगितलं, फक्त इंग्रजीत आणि बिल देऊन. लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या नाजूक थरांना येणारी सूज. गोडसर, पोसलेलं गवत जास्त खाल्लं की पोनींना ती हमखास होते, कारण त्यांचं शरीर शतकानुशतकं कमी चाऱ्यावर जगायला घडलेलं असतं. कुठे खडकाळ बेट, कुठे बर्फाळ डोंगर, कुठे दुष्काळी माळ. तोच गुण इथल्या हिरव्या कुरणात रोग होतो. त्यातून क्वीन्सलँडमधल्या किकुयू, सेटारिया, बफेल अशा गवतांत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातलं कॅल्शियम अडवतं, म्हणून वर्षानुवर्षं त्यावरच चरलेल्या घोड्यांच्या तोंडाची हाडं सुजतात. त्यासाठी वेगळं कॅल्शियम द्यावं लागतं. बिस्किटला सहा आठवडे गवत बंद. भिजवून साखर उतरवलेला सुका चारा, तोही तोलून. सकाळ-संध्याकाळ हे काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं. लेक त्यांच्यामागे बादली घेऊन. इंग्रजी-मराठीची अडचण त्या दोघांना कधी आली असं मला दिसलं नाही. पंधरा दिवसांत तिला दुडकी, कदम, चौखूर, पंचकल्याणी, कुम्मैत, अबलख हे शब्द येत होते, जे मला तिला शिकवायचं कधी सुचलंही नव्हतं. मानेवरचा केसांचा भोवरा दाखवून ते तिला म्हणाले, हा देवमण, हा असला की घोडा शुभ. तिने ते क्लबात जाऊन सांगितलं. आता तिथली निम्मी पोरं आपापल्या पोनीच्या मानेवर देवमण शोधत असतात.

(जाता जाता: इकडे एक जरी घोडा ठेवायचा तरी जागेची सरकारदरबारी नोंद करावी लागते. आणि वटवाघळांकडून घोड्याला व घोड्याकडून माणसाला होणारा हेंड्रा विषाणू याच राज्यात, ब्रिस्बेनच्या हेंड्रा उपनगरात १९९४ साली पहिल्यांदा सापडला. २०१२ पासून घोड्यांसाठी लस आहे. ज्यांना वाटतं की परसात एक पोनी बांधला की झालं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.)

तर अण्णा आणि तट्टू.

अण्णांचा जन्म वाड्यावरचा. वाडा म्हणजे पुण्यातला चौसोपी नव्हे. धनगरांची चार-सहा बिऱ्हाडं मेंढरं घेऊन एकत्र फिरतात, त्या मेळाला वाडा म्हणतात. दिवाळी झाली की माणातून निघायचं, कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट उतरून कोकणात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत. सगळा संसार तट्टांच्या पाठीवर. भांडी, पिठाच्या पिशव्या, मेंढरं कोंडायची वाघर, घोंगड्या, कोंबड्या, त्या दिवशी जन्मलेली कोकरं, आणि ज्याला चालता येत नाही ते पोर. अण्णा ते पोर होते. मेंढरं पुरुष हाकायचे, तट्टं बाया चालवायच्या. रोज नवी जागा, रोज उतरवणं, रोज लादणं. तट्टू कोंबडीच्या फडफडाटाने बुजलं, की पोर आणि पातेली दरीत. म्हणून स्वभावाने शांत, पायाने पक्कं, आणि मिळेल त्या काटेरी चाऱ्यावर भागवणारं जनावरच पिढ्यानपिढ्या ठेवलं गेलं. कुणी वही ठेवली नाही, कुणी रिंगण घातलं नाही, पण निवड तीच, जी वेल्सच्या डोंगरात झाली.

पुढे अण्णा शिकले, एसटीत कंडक्टर झाले, आणि आम्हाला गावात घर मिळालं. मी शाळेत असताना एकदा तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, तट्टं घेऊन शाळेवरून गेले आणि त्यांनी मला हाक मारली. त्या दिवसापासून वर्गात माझं नाव तट्टू. मराठीत हा शब्द कुठे कुठे येतो बघा: भाड्याचं तट्टू, भाडोत्री तट्टू, अडेल तट्टू. निवडणुका आल्या की वर्तमानपत्रांत तर तट्टांचा सुळसुळाट. तीस वर्षांनी, साडेनऊ हजार किलोमीटरवर, एका परक्या आजीबाईंसमोर मी जे 'नाही' म्हणालो, ते त्या वर्गातून आलं होतं.

गंमत अशी की याच तट्टाचा आपल्या राज्यगीतात मान आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राजा बढे यांचं, खळेकाकांच्या चालीचं, शाहीर साबळ्यांनी गायलेलं गीत राज्यगीत म्हणून स्वीकारलं. त्यात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. इथे दर १ मेच्या आसपास मंडळात ते गीत होतं, आपण सगळे उभे राहतो, छाती भरून येते. तेव्हा शेजारच्याला हळूच विचारून बघा, भीमथडी म्हणजे काय? पुण्याचे असतील तर म्हणतील, डिसेंबरात जत्रा भरते, मासवडी फार छान मिळते.

भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यातल्या देशी तट्टांवर बंदरांतून येणाऱ्या अरबी घोड्यांचा संकर होत जाऊन जे मध्यम चणीचं, चिवट जनावर तयार झालं ते भीमथडीचं. दख्खनी घोडा असंही म्हणतात. मराठ्यांची फौज त्यावर उभी होती. सरकारी पागेतला घोडा मिळालेला तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला आलेला तो शिलेदार. तोफखाना आणि बाजारबुणगे मागे सोडून झपाट्याने दौड मारायची, वाटेत मिळेल त्यावर घोड्याचं भागवायचं, डोंगरवाटांनी निसटायचं, ही सगळी लढाईची रीत घोड्याच्या चणीवर अवलंबून होती. भरपूर दाणा मागणारा उंच तुर्की घोडा तिथे दमला असता. १७५८ मध्ये मराठे अटकेपर्यंत गेले ते या जनावरांच्या जोरावर. आपण झेंड्याची आठवण ठेवली, झेंडा वाहून नेणाऱ्याची नाही.

इंग्रजी अमदानीत लष्कराला उंच घोडा हवा झाला, आणि तो आला कुठून? ऑस्ट्रेलियातून! न्यू साउथ वेल्सवरून त्या घोड्यांचं नावच 'वेलर' पडलं, आणि ते हिंदुस्थानातल्या फौजेला हजारोंनी विकले गेले. म्हणजे माझ्या आजच्या देशाच्या घोड्याने माझ्या गावच्या घोड्याची नोकरी खाल्ली. हे मी क्लबातल्या आजीबाईंना नंतर सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि "सॉरी" म्हणाल्या.

अलीकडे एक चांगली बातमी आली. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झांस्कारी, मणिपुरी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतर ही आठवी. बारामतीकडच्या मंडळींनी त्यासाठी बरीच खटपट केली, त्यांना मनापासून धन्यवाद. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर ही बातमी अटकेपार झेंड्यांसह फिरली.

पण मला इथे थोडं वेगळं बोलायचंय. प्रमाणपत्राने जनावर जगत नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टं मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होती. २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. सात वर्षांत जवळपास निम्मी. ही काही साथीच्या रोगाने मेली नाहीत. त्यांचं काम गेलं. टांगे गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या. डोंगरात रस्ते आले. ज्या जनावराला काम नाही, त्याला गरीब माणूस कशाच्या बळावर पोसणार?

आणि इथे पोनींचा इतिहास उपयोगी पडतो. जगात ज्या जाती टिकल्या त्यांनी धंदा बदलला. शेटलँडचंच घ्या. मुळात तो बेटावर शेवाळ आणि पीट वाहायचा. १८४२ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि लहान मुलांना व बायकांना कोळशाच्या खाणीत उतरवणं बंद झालं. मग त्यांच्या जागी बुटके घोडे लागले आणि शेटलँड हजारोंनी खाणीत गेला. हालाचे दिवस होते ते, कित्येकांना उजेड क्वचितच दिसायचा. ब्रिटनमधले शेवटचे खाणीतले पोनी १९९० च्या दशकात निवृत्त झाले. पण शेटलँड संपला नाही, कारण तोवर तो मुलांचा पहिला घोडा झाला होता. एक्समूर पोनी दुसऱ्या महायुद्धानंतर मोजून पन्नासेक उरले होते. गावकऱ्यांनी हट्टाने वाढवले, आज ते माळरानं चरून नीट राखण्याचं काम करतात. आपल्याकडे मणिपुरी पोनी पोलोमुळे टिकून आहे. पोलो हा खेळच मुळात त्यांच्या सगोल कांगजेईवरून गोऱ्यांनी उचलला. सिलचरचा क्लब १८५९ चा.

मग भीमथडीने कोणता धंदा धरावा?

सारंगखेड्याच्या, माळेगावच्या, अकलूजच्या घोडेबाजारांच्या बातम्या आपण वाचतो. बातमी असते ती अमुक लाखाच्या, कोटीच्या उंच मारवाडी घोड्याची. फार्महाउसवर बांधायला, नाचवायला, मिरवायला तो ठीक. भीमथडीने त्याच्या मागे धावू नये, हे माझं स्पष्ट मत. उंची वाढवायच्या नादात जात घालवाल. जे तट्टू घाटातून कोंबड्या आणि पोरं घेऊन उतरलं, त्याचा खरा गुण शांतपणा हा आहे. आणि शांत, बुटका, कमी खर्चाचा घोडा जगात सगळ्यात जास्त कुणाला लागतो? लहान मुलांना. पुणे, सातारा, कोल्हापूर, नगर, प्रत्येक जिल्ह्याच्या गावाजवळ मुलांना घोडसवारी शिकवणारा एखादा साधा क्लब निघावा, श्रीमंतांचा नव्हे, आठवड्याला सिनेमाच्या तिकिटाएवढी फी घेणारा, आणि तिथली तट्टं भीमथडीची, धनगरांकडून भाड्याने घेतलेली, लीजवर. भाड्याचं तट्टू हा शब्द तेव्हा कुठे सरळ अर्थाने वापरता येईल. इथे अपंग मुलांना घोड्यावर बसवण्याचं काम करणाऱ्या संस्था आहेत. ज्या मुलाला स्वतःच्या पायावर तोल सांभाळता येत नाही ते घोड्याच्या पाठीवर ताठ बसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यालाही असंच जनावर लागतं.

हे सगळं मी तात्यांना फोनवर सांगितलं. तात्यांकडे एकच तट्टाणी उरलीय, तांबड्या अंगाची, पंचकल्याणी. दोन वर्षांपासून वाड्याचं सामान टेम्पोने जातं, आणि तट्टाणी विकायची त्यांची बोलणी चालू होती. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू तकडं पोरीला बसवायला पैसं देतूस. हितं मला टेम्पोवाला दोन तासांत कराडला नेतो. म्हातारीचं गुडघं गेलं तट्टं हाकून हाकून. तुला जुनं ते ग्वाड लागतंय, कारण तुला चालायला लागलं न्हाई."

याला माझ्याकडे उत्तर नाही. टेम्पो यावा, यायलाच हवा. धनगराच्या बाईने दीडशे किलोमीटर चालावं म्हणून कुठलीही जात टिकवू नये. परदेशी बसलेल्या आपल्यासारख्यांना ही खोड असते, गावाकडचं सगळं जसंच्या तसं राहावं, म्हणजे दोन वर्षांनी सुट्टीला गेलो की फोटो काढता येतील. मीही त्यातलाच. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही माथेरानला गेलो होतो. मी तेव्हा पंच्याण्णव किलोचा होतो आणि दस्तुरी नाक्यावरून एका लहानखुऱ्या घोड्यावर बसून ऐटीत वर गेलो. आता क्लबात शिकलो की स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असावं. तो घोडा तीनशे किलोचा धरला तरी साठ किलो. हिशेब तुम्हीच करा. ई-रिक्षा आल्या तेव्हा तिथल्या घोडेवाल्यांनी विरोध केला, त्यांचं पोट आहे ते, पण घोड्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी माझ्यासारख्यांच्या बाबतीत ई-रिक्षाच्या बाजूने मत दिलं असतं. काम हवं म्हणजे कुठलंही काम नव्हे. चाळीस किलोचं पोर पाठीवर आणि दुपारी सावलीत विश्रांती, असं काम.

म्हणून मंडळाच्या बैठकीत कुणीतरी "आपण भीमथडीसाठी फंड गोळा करू" म्हणालं तेव्हा मी विरोध केला. थोडा वादही झाला. फंड एकदा जातो, फोटो येतो, संपतं. मी म्हटलं, सुट्टीत जाता तेव्हा मुलांना वॉटर पार्कात नेता ना? त्याऐवजी एक दिवस जिथे भीमथडी आहेत तिथे न्या, पैसे देऊन बसवा, आणि खोगिराखाली पाठ सोललेली दिसली तर बसू नका व तसं तोंडावर सांगा. गिऱ्हाईक आलं की माल तयार होतो. हे काही फार थोर काम नाही, म्हणून मंडळात ते कुणाला फारसं आवडलं नाही.

अण्णा मेच्या शेवटी परत गेले. त्याआधीच्या शनिवारी बिस्किट पहिल्यांदा पुन्हा रिंगणात उतरला. आजीबाईंनी अण्णांना आत बोलावलं आणि लगाम धरायला दिला. अण्णा धोतर-टोपीत, हातात लगाम, वर हेल्मेट घातलेली नात. लेकीने सगळ्यांना ओरडून सांगितलं, "धिस इज माय आजोबा, ही ग्रू अप ऑन अ तट्टू!" तिने शब्दाचं भाषांतर केलं नाही. कुणी मागितलंही नाही.

तात्यांनी तट्टाणी अजून विकलेली नाही. गिऱ्हाईकाने भाव पाडला म्हणून, असं ते म्हणतात. दिवाळीत आम्ही जातोय. लेकीने तात्याआजोबांना व्हॉट्सॲपवर विचारून ठेवलंय की तट्टाणीची उंची किती हँड. तात्यांनी उत्तर पाठवलं, "ये आन् मोज."